यंत्राने दिलेली हाक ऐकणार कोण? सोलापूर महापालिका, पोलीस आणि जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय: स्मृतिभ्रंश झालेल्या नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी अंगावर बाळगण्याची उपकरणे आणि त्यांच्यामागे उभी राहणारी शहराची व्यवस्था.

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी उभी हयात गेली आणि आता मी निवृत्त आहे. माझी आई, आमची अम्मा, ७६ वर्षांची असून तिला स्मृतिभ्रंश, डॉक्टर ज्याला अल्झायमर म्हणतात त्या प्रकारचा, झाल्याचे निदान चार वर्षांपूर्वी झाले. गेल्या वर्षी ऐन वैशाखात एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास ती घरातून निघून गेली आणि १९ तासांनी दुसऱ्या जिल्ह्यात, उमरग्याला सापडली. या सर्व काळात तिच्या मनगटावर साडेतीन हजार रुपयांचे जीपीएस घड्याळ होते. ते गळून पडले नाही, चोरीला गेले नाही, तिने काढूनही टाकले नाही. तरीही ती हरवली. असे का झाले, हे समजून घेण्यात मी गेले वर्ष घालवले आहे आणि त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम त्या संध्याकाळची हकिगत सांगतो, कारण पुढच्या मागण्या तिच्यातूनच निघालेल्या आहेत. अम्मा वयाच्या नवव्या वर्षापासून बिड्या वळत आली. मांडीवर सूप, शेजारी भिजवून कापलेली तेंदूपाने आणि संध्याकाळच्या आत मोजून ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या माल घेणाऱ्या केंद्राला, नेऊन द्यायचे बिड्यांचे कट्टे, हा तिचा साठ वर्षांचा दिनक्रम होता. आता ती बिड्या वळत नाही, पण बसल्या जागी तिची बोटे अजून हवेत पान वळत असतात. त्या दिवशी तिने जुन्या साडीच्या फडक्यात काहीतरी गुंडाळले आणि ती माल द्यायला निघाली. ज्या ब्रँचकडे ती निघाली होती ती बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. चालत चालत ती कधीतरी बसगाड्यांच्या थांब्यावर पोहोचली असावी. तेथे एका भल्या माणसाने तिची विचारपूस केली. आमची घरची भाषा तेलुगू, पण अम्माला पूर्वी मराठीही उत्तम येत असे, बाजारहाट आणि शेजारपाजार ती मराठीतच करी. पण आजार वाढला तशी ती भाषा मागे पडत गेली आणि तिच्याजवळ फक्त तेलुगू उरली. "इंटिकि पोता", घरी जायचे आहे, एवढेच ती म्हणत राहिली. ही बाई तेलंगणातून आलेली असून चुकली आहे, असा समज करून घेऊन त्या भल्या माणसाने पदरचे पैसे घालून तिला हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिले. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच केले असते.

उमरग्यात ती का उतरली ते कोणालाच ठाऊक नाही. तेथील एका खानावळीच्या मालकाला तिच्या हातावरचे गोंदण दिसले. त्यात माझ्या आजोबांचे नाव तेलुगू लिपीत आहे. ते पाहून त्याने तिला तेलुगूत तिचे इंटिपेरु, म्हणजे घराण्याचे नाव, विचारले आणि ते तिने क्षणार्धात सांगितले. सकाळचे जेवण विसरणाऱ्या माणसालाही लहानपणी पाठ झालेले नाव आठवते, ही या आजाराची रीतच आहे. त्या नावाच्या आधारे त्याने सोलापुरातील आपल्या नातेवाइकांना फोन केले आणि दोन तासांत निरोप आमच्या दारात आला. साठ वर्षांपूर्वीचे गोंदण कामास आले आणि मनगटावरचे घड्याळ आले नाही.

घड्याळाने दगा का दिला, याचे उत्तर साधे आहे आणि त्यात माझी चूक आहे. अशा घड्याळात दोन वेगळी कामे असतात. आपण कोठे आहोत हे ते उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवते आणि ते ठिकाण घरच्यांना कळवण्यासाठी आत बसवलेल्या सिमकार्डाचा उपयोग करते. स्वस्तातील पुष्कळशी घड्याळे अजून २जी जाळ्यावरच चालतात, तर आपल्याकडील एका मोठ्या कंपनीचे जाळे जुन्या २जी उपकरणांशी बोलतच नाही. रिचार्ज स्वस्त पडतो म्हणून मी पंधरवड्यापूर्वी नेमक्या त्याच कंपनीकडे तो नंबर वळवला होता. घड्याळ विकणाऱ्याने याबाबत कोठे काही लिहिले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते. मी ॲप उघडले तेव्हा ते शेवटचे कळलेले ठिकाण, म्हणजे आमचेच घर, शांतपणे दाखवीत होते.

आपल्याला वाटेल की घराबाहेर पडताच वाजणारी धोक्याची सूचना तरी आधी लावायला हवी होती. ती लावली होती. नकाशावर घराभोवती एक काल्पनिक कुंपण आखता येते आणि ते ओलांडताच घरच्यांचा फोन वाजतो, अशी ती सोय आहे. परंतु उपग्रहांचा संकेत अतिशय क्षीण असतो. उघड्या आभाळाखाली तो काही मीटरपर्यंत अचूक ठिकाण देतो, पण पत्र्याच्या छताखाली आणि दाटीवाटीच्या बोळांत तो अडतो, भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि ठिकाण भरकटू लागते. पूर्व भागातील आमची घरे म्हणजे पुढे राहणे आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये माग, अशा बांधणीची. अम्मा खाटेवर झोपलेली असताना एका रात्रीत फोन अकरा वेळा वाजला. लांडगा आला रे आला, असे रोजच होऊ लागल्यावर पत्नीने आणि मी मिळून ती सूचना बंद करून टाकली. त्यानंतर आम्ही दाराला घुंगरांची माळ बांधली. तिचा उपयोग घड्याळापेक्षा अधिक झाला, हे नमूद करतो. मात्र त्या संध्याकाळी नळाला पाणी आले होते आणि दार उघडेच होते.

ज्या ठाण्यात मी रात्री नऊच्या सुमारास गेलो तेथे मला, "सकाळपर्यंत वाट बघा, म्हातारी माणसं येतात परत," असे सांगण्यात आले. ते कोणते ठाणे होते हे मी येथे लिहीत नाही, कारण त्या हवालदाराची तक्रार करणे हा या पत्राचा हेतू नाही. परंतु हरवल्याची नोंद घेण्यापूर्वी २४ तास थांबावे, असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही, हे आपण आपल्या सर्व ठाण्यांना पुन्हा एकदा लेखी कळवावे, ही माझी पहिली विनंती आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या बाबतीत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. अशी व्यक्ती वाट चुकल्यावर थांबून कोणाला विचारत नाही. पुढे काही आडवे येऊन अडकेपर्यंत ती चालत राहते, आणि नावाने हाका मारल्या तरी बहुधा ओ देत नाही. आपल्या शहरात त्या वाटेवर कंबर तलाव आहे, सिद्धेश्वर तलाव आहे, रेल्वेचे रूळ आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणारा पारा आहे. पाणी मागायचे भान नसलेल्या वृद्धेला त्या उन्हात किती वेळ मिळतो, ते सांगण्याची गरज नाही.

अशा वाट चुकण्याला आपल्याकडे चकवा लागणे म्हणतात. जुनी माणसे त्यावर उपायही सांगत: जागच्या जागी बसावे, तंबाखू मळावी, उजाडण्याची वाट पाहावी. अल्झायमरच्या चकव्यात मात्र बसावे हेच सुचत नाही. घरच्यांना ते निरर्थक भटकणे वाटते, पण त्या व्यक्तीच्या दृष्टीने ती कामावर निघालेली असते, माहेरी निघालेली असते, शाळेतून मुलाला आणायला निघालेली असते. कातरवेळी ही तगमग वाढते, हे जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. आपल्या शहरात तर जुन्या मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, तरी त्यांच्या पाळ्या कोणाकोणाच्या डोक्यात अजून सुरू असतील.

हा एका घराचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारतातील साठ वर्षांवरील लोकांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. सोलापुरात किती, हे विचारण्यासाठी मी बरेच हिंडलो. त्यासाठी एखादी वही असावी असे आजवर कोणाला वाटलेलेच दिसत नाही. "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण हा आजार घरातच मिटवून टाकतो आणि दाराला बाहेरून कडी लावतो.

आता उपकरणांविषयी. बाजारात सुरक्षिततेच्या नावाखाली पुष्कळ काही मिळते आणि विकणारा प्रत्येक जण आपली वस्तू सर्वांत सुरक्षित असल्याचे सांगतो, म्हणून वर्षभरात मला जे कळले ते थोडे विस्ताराने लिहितो. जीपीएस घड्याळाचे गुणदोष वर आलेच आहेत. त्यात एवढीच भर घालतो की ते दर मिनिटाला ठिकाण कळवू लागले तर बॅटरी दिवसभरही टिकत नाही आणि अर्ध्या तासाने कळवू लागले तर तेवढ्या वेळात माणूस गाडीत बसून दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. रोज चार्जिंगला लावण्यासाठी ते मनगटावरून काढावे लागते, आणि एकदा काढलेली वस्तू अम्मा पुन्हा घालू देत नाही. तिने जन्मात कधी घड्याळ वापरलेले नाही. पहिले दोन महिने ती ते ओरबाडून काढत असे. शेवटी पत्नीने त्याच्या पट्ट्यावर लाल कापड शिवले आणि ते बांगड्यांच्या मागे सरकवले, तेव्हा कोठे ते हातावर राहिले. तिच्या गळ्यातील पुस्तेलुला, म्हणजे मंगळसूत्राला, मात्र ती कोणाला हात लावू देत नाही. जी वस्तू शरीराच्या जुन्या सवयीत बसते तीच अंगावर टिकते, हे उपकरणे बनवणाऱ्यांनी लक्षात घेतलेले नाही. सोलापूरच्या वृद्धेसाठी ते काळ्या पोतीतील लॉकेट असेल, कोणासाठी दंडातला ताईत असेल, माळकऱ्यासाठी तुळशीच्या माळेतला एक मणी असेल.

दुसरा प्रकार बटणाएवढ्या ब्लूटूथ टॅगचा. किल्ल्या आणि पिशव्या हरवू नयेत म्हणून तो बनवलेला आहे. त्याची बॅटरी वर्षभर टिकते, कारण त्याला स्वतःला जीपीएसही नसते आणि सिमही नसते. आसपासच्या अनोळखी लोकांच्या मोबाइलना तो संकेत देतो आणि ते मोबाइल त्याचे ठिकाण परस्पर कळवतात. नवी पेठेच्या गर्दीत तो कदाचित उपयोगी पडेल, पण रात्री अक्कलकोट रस्त्यावरच्या माळावर आजूबाजूला मोबाइलच नसेल तर तो मुका होतो. शिवाय कोणी गुपचूप पाळत ठेवू नये म्हणून, अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असल्याचा इशारा त्या रचनेत इतरांना दिला जातो, आणि बनवणाऱ्या कंपन्या तो माणसांसाठी नाही, वस्तूंसाठी आहे, असेच सांगतात.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक येथे १९९९ मध्ये प्रोजेक्ट लाइफसेव्हर नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात मनगटावरच्या पट्ट्यातून रेडिओ संकेत निघतो आणि व्यक्ती हरवल्यास प्रशिक्षित पथक दिशादर्शक अँटेना घेऊन त्या संकेताचा माग काढते. मला त्यातील तंत्रापेक्षा एक बाब अधिक महत्त्वाची वाटली. पट्ट्याची बॅटरी बदलण्यासाठी पथकातील माणूस ठरावीक काळाने घरी येतो. म्हणजे शोधणाऱ्याला आणि हरवणाऱ्याला एकमेकांचा चेहरा आधीच ठाऊक असतो.

आणि सर्वांत साधा प्रकार क्यूआर कोडचा. त्याला चार्जिंग नको, रिचार्ज नको, जाळे नको. ज्याला ती व्यक्ती सापडेल त्याने आपल्या मोबाइलवर तो वाचायचा. मुंबईत असे लॉकेट देणारा प्रोजेक्ट चेतना हा उपक्रम आहे, आणि २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला एक मुलगा त्याच्या गळ्यातील क्यूआर लॉकेटमुळे काही तासांत घरी परतला. जपानमधील इरुमा शहराने २०१६ मध्ये एक सेंटिमीटरचे पाण्याने न निघणारे क्यूआर स्टिकर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नखांवर लावण्यास सुरुवात केली. हा कोड वाचला की त्यावर नगरपालिकेचे नाव, तिचा दूरध्वनी आणि त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक एवढेच दिसते. नाव, पत्ता किंवा मुलाचा फोन दिसत नाही. हे शहाणपणाचे आहे, कारण एकट्या वृद्धेच्या गळ्यात तिच्या घराचा पत्ता आणि मुलाचा नंबर लटकावून ठेवणे म्हणजे भामट्यांना आवतण देण्यासारखेच आहे.

येथे कोणी म्हणेल, आधार असताना हे कशाला? साठ वर्षे तेंदूपान आणि तंबाखू हाताळून अम्माच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा कित्येक वर्षांपासून लागत नाही. आपल्या शहरात बिडी वळणाऱ्या हजारो बायकांची हीच गत आहे, आणि उद्या त्यांच्यातील कोणी हरवली तर तिची ओळख बोटांवरून पटणार नाही.

वरील सर्व उपकरणांत एक गोष्ट समान आहे आणि तीच मला आपल्यापुढे ठेवायची आहे. कोणतेही उपकरण माणसाला घरी आणत नाही. ते फक्त हाक देते. लॉकेट वाचणारा हवा, फोन उचलणारा हवा, शोधायला निघणारा हवा. उपकरण घेणे हे कुटुंबाचे काम आहे, ते आम्ही करू. परंतु पलीकडच्या टोकाला कोणीतरी जागे असणे हे काम कुटुंबाच्या आवाक्यातले नाही, ते शहराचे आहे. इरुमाच्या स्टिकरवर नगरपालिकेचा नंबर असतो, यातच सर्व काही आले. सोलापूरच्या लॉकेटवर आज कोणता नंबर घालायचा? ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्या वेळेतच चालते. त्या रात्री मी ठाण्यात गेलो तेव्हा ती वेळ संपलेली होती. ११२ रात्रंदिवस चालतो, पण त्यावर फोन केल्यास, ही बाई अमुक क्रमांकाची नोंदलेली रुग्ण असून तिला तेलुगूत विचारावे लागते, हे सांगणारी कोणतीही यादी पलीकडच्या माणसापुढे नसते.

अशी यादी ठेवण्यास नवा कायदा लागत नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याखालील नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवणे अपेक्षित आहे. त्याच यादीत, कुटुंबाने स्वेच्छेने दिल्यास, स्मृतिभ्रंशाची एक नोंद जोडावी. ब्रिटनमध्ये नॉर्फोकच्या पोलिसांपासून सुरू झालेली हर्बर्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत याच धर्तीची आहे. जॉर्ज हर्बर्ट हा दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला सैनिक होता. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाल्यावर तो आपले बालपणीचे घर शोधत वृद्धाश्रमातून बाहेर पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याच्या नावाने आता कुटुंबे एक अर्ज आधीच भरून ठेवतात: अलीकडचा फोटो, पूर्वीची घरे, पूर्वीच्या नोकऱ्या, नेहमीच्या वाटा, औषधे. माणूस हरवला की तो कागद थेट पोलिसांच्या हाती जातो. त्या रात्री माझ्याकडे असा कागद असता तर त्यावर पहिल्या ओळीत बिडीच्या ब्रँचचा जुना पत्ता आला असता. मी मात्र घाबरून तिला मंदिरांत शोधत बसलो होतो.

सोलापूरच्या अर्जात आणखी एक रकाना हवा, जो नॉर्फोकला लागला नसेल: आता कोणती भाषा उरली आहे? मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, दख्खनी. या शहरात माणूस दुकानात एक भाषा बोलतो, घरात दुसरी आणि आजारात तिसरी. लॉकेटच्या पाठीवर जर "मी सोलापूरची आहे" एवढे एक वाक्य मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये कोरलेले असते, तर त्या भल्या माणसाने अम्माला हैदराबादच्या गाडीत बसवले नसते. मी क्यूआर कोडच्या आधी या वाक्याचा आग्रह धरीन. ते वाचण्यासाठी मोबाइलसुद्धा लागत नाही.

कायद्याची आणखी एक बाब. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येत स्मृतीच्या आणि भानाच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १०० नुसार आपल्या हद्दीत अशा अवस्थेत भटकणाऱ्या व्यक्तीस संरक्षणाखाली घेणे, तिला २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत न ठेवणे ही ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. हे कलम ज्या हवालदाराच्या हाती पहिल्यांदा ती व्यक्ती पडते त्याला ठाऊक असावे, यासाठी एका दुपारचे प्रशिक्षण पुरेसे आहे.

प्रशिक्षण केवळ पोलिसांना देऊन भागणार नाही. जपानच्याच ओमुता शहरात २००४ पासून दरवर्षी एक तालीम होते. एखादा स्वयंसेवक वाट चुकलेल्या वृद्धाचे सोंग घेऊन रस्त्याने फिरतो, सर्वांना संदेश जातो, आणि दुकानदार, शाळकरी मुले, बसचालक त्याला ओळखून त्याच्याशी कसे बोलायचे याचा सराव करतात. ओमुता हे कोळशाच्या खाणीवर वाढलेले शहर; १९९७ मध्ये ती खाण बंद झाली, तरुण बाहेर गेले आणि म्हातारी माणसे मागे उरली. ही गोष्ट गिरण्यांच्या सोलापूरला वेगळी समजावून सांगावी लागू नये. आपल्याकडे रिक्षाचालक, बसथांब्यावरील वाहक, रेल्वे स्थानकावरील हमाल, मंगळवार बाजारातील विक्रेते आणि सिद्धेश्वर मंदिरातील सेवेकरी हे शहराचे डोळे आहेत. समोरून जाऊन, हळू आवाजात, एका वेळी एकच प्रश्न विचारणे आणि "तुम्ही चुकलात" असे न म्हणता सोबत चार पावले चालणे, इतके त्यांना शिकवता येईल. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपले नाव आले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्या स्मार्टपणात ही तालीम बसते असे मला वाटते, आणि तिला खर्च जवळजवळ नाहीच.

या कामाचा आरंभ सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपासून करावा, असे मी सुचवतो. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आणि नंतर गड्ड्यावर लोटणाऱ्या गर्दीत घरोघरची म्हातारी माणसे आवर्जून येतात, कारण लहानपणापासून त्यांनी ही यात्रा कधी चुकवलेली नसते. अशा गर्दीत मोबाइलचे जाळे तोकडे पडते, म्हणून तेथे जीपीएसवर विसंबता येणार नाही. नोंदणी क्रमांकाचे लॉकेट आणि तो क्रमांक पडताळून पाहणारा एक टेबल, एवढे पुरे. तेथे जे जमेल ते पुढे आषाढीला पंढरपुरात उपयोगी पडेल, आणि ते मा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे.

जीपीएस उपकरणे मात्र पूर्ण टाकून देऊ नयेत. ज्यांना वारंवार बाहेर जाण्याची ओढ आहे अशांसाठी शासकीय रुग्णालयात एक उसनवारी पेटी ठेवता येईल. कोणाच्या भागात कोणते जाळे चालते, कोणते सिम त्या यंत्रात चालेल, पत्र्याखाली सूचना कशी लावावी, हे पाहून देणारा एक तंत्रज्ञ तेथे आठवड्यातून एक दिवस बसावा आणि रुग्णाला गरज उरली नाही की यंत्र परत यावे. शहरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे प्रकल्प म्हणून देता येईल. बिडी कामगाराच्या घराला साडेतीन हजार रुपये फुकट घालवणे परवडत नाही. मला परवडले, तरी माझी आई हरवलीच.

शेवटी एक शंका, जी माझ्या मुलीने काढली आणि जिचे उत्तर मला अजून पूर्ण सापडलेले नाही. "आजीला विचारलंत का?" असे तिने विचारले. आम्ही विचारले नव्हते. घड्याळ बांधले तेव्हा ती नको म्हणत होती आणि आम्ही तिचा हात धरून ते बांधले. न्यायालयाने जामिनावर सोडलेल्याच्या पायात बांधतात तशीच ही वस्तू, तिने तसे मानले तर तिचे काय चुकले? म्हणून नोंदणी निदानाच्या सुरुवातीच्या काळातच, ती व्यक्ती स्वतः हो किंवा नाही म्हणू शकते तेव्हा, तिच्याशी बोलून व्हावी. तिचे ठिकाण कोण पाहणार, ही माहिती किती दिवस ठेवणार, ती जमिनीच्या वाटणीच्या भांडणात कोणा नातेवाइकाच्या हाती जाणार नाही ना, हे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा समोर ठेवून लेखी ठरवावे. आणि लॉकेट मिळाले म्हणून कोणाचे संध्याकाळचे फिरणे बंद होऊ नये. ते फिरणे सुरू राहावे यासाठीच लॉकेट आहे.

अम्माच्या नावाचा अर्ज मी माझ्यापुरता साध्या कागदावर तयार केला आहे. त्यात तिचा फोटो, तिच्या तीन जुन्या घरांचे पत्ते, ब्रँचचा रस्ता, गोंदणाचे वर्णन आणि तेलुगूत विचारायचे दोन प्रश्न आहेत. कार्यालयाने वेळ दिल्यास तो नमुना आणि ते बंद पडलेले घड्याळ घेऊन मी येईन. सकाळी अकरा ते एक ही वेळ मला सोयीची आहे. त्या वेळी अम्मा झोपलेली असते.

कळावे,

आपला विश्वासू,
पूर्व भागातील एक नागरिक, सोलापूर